दुसऱ्याचं तूप

चाचा, उद्या सकाळी बाया डबे घेऊन माझ्या दारात येणार आहेत. दिवाळीआधी शहाद्यात तुमच्या भट्टीवर यायच्या तशाच. मैदा, साखर, तूप त्यांचं, नानखटाई भाजून द्यायची मी. तुम्ही गेलात, भट्टी बंद पडली, तेव्हापासून मी घरापुरतंच भाजत आले. घरचं बिघडलं तर आपण खातो. दुसऱ्याच्या तुपाचं तसं नाही. म्हणून आज एक घाणा करून बघतेय, आणि दुपारपासून मला एका जागी बसवत नाही.

हे गेले त्या वर्षी मी तुमच्याकडे कामाला आले. पहिली दिवाळी तुम्ही मला नुसते ट्रे पुसायला लावलेत. मी चिडून म्हटलं, "भांडीच घासायला आले का मी?" तुम्ही भट्टीतून मान न काढता म्हणालात, "पहिले देख, मंग हात लाव." प्रत्येक ट्रेवर डब्याची चिठ्ठी ठेवायची असे. मला धड वाचता येत नव्हतं. एकीचा ट्रे दुसरीला जाईल या धास्तीने मी त्या तुपकट चिठ्ठ्यांवर अक्षरं जुळवायला शिकले. आज वाचनालयातून पुस्तकं आणते, त्याची सुरुवात तिथली. दुसऱ्या दिवाळीला तूप-साखर फेसायला दिलीत. मनगट भरून यायचं. गोळीएवढं पाण्यात टाकून बघायचं. बुडालं की तुम्ही परात परत माझ्याकडे सरकवायचात. ज्या दिवशी ते तरंगलं, त्या दिवशी हे गेल्यापासून पहिल्यांदा मी पोटभर जेवले. तिसऱ्या वर्षी गोळे वळले. चौथ्या वर्षी तुम्ही नमाजला जाताना भट्टीचं दार माझ्यावर सोपवलंत.

आत ट्रे होता मोलगीहून जीपने आलेल्या बाईचा. महिनाभर साय जमवून तिने तूप केलं होतं. मी दार उघडून बघितलं, धग निघून गेली, नानखटाई बसली. भरून निघावं म्हणून जास्त वेळ ठेवली, तर खालून काळी. तुम्ही येऊन बघितलंत आणि ओरडलात, "घडी घडी दार उघाडीसन काय देखस? नानखटाई काय पळी जाई का?" ती बाई ओरडली नाही. "राहू दे. चहात बुडवून खाऊ," म्हणाली. ते जास्त लागलं. तुम्ही तिला बसवून घेतलंत, घरून स्वतःचं तूप मागवलंत आणि नवा घाणा लावलात. ती गेल्यावर मला विचारलंत, "कितला डाव उघाडं?"

"एक डाव. एकदाच," मी म्हटलं.

"मंग भट्टीनाच दोष शे."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघे धरत खाली बसून तुम्ही भट्टीच्या तोंडाला नवी माती लिंपलीत. अर्धा दिवस गेला. मी पाणी आणून देत होते. माती वाळली आणि तुम्ही दार पुन्हा माझ्याच हाती दिलंत. त्यानंतर माझा एकही ट्रे जळला नाही. पण माझा हात धीट झाला तो त्या खोट्यावर, हे मला माहीत आहे. उद्या एखादी बाई विचारेल, "कुणाकडे शिकल्या?" तुमचं नाव घ्यायचं तर हे तुम्हाला आधी सांगायला हवं.

चार डाव उघडलं होतं, चाचा.

आता माझ्या ओव्हनच्या दाराला काच आहे, उघडायची गरजच नाही. तरी हात जातो. तो लांब राहावा म्हणून हे लिहायला बसले. हा कागद कुठे जाणार नाही, ट्रेखाली अंथरला जाईल. लिहिता लिहिता उठून मी एकदा दार उघडलं.

खरंच, एकदाच.