‘उत्तर द्यायचे’ नावाचं फोल्डर

प्रफुल,

मी आरमोरीला जातो आहे. भात झाला आहे, वरण तेवढं गरम करून घे.

गेल्या महिन्यात तू माझी मेल नव्या खात्यात हलवलीस. फोल्डरं आली नाहीत तेव्हा म्हणालास, “बाबा, एवढे कप्पे कायले पाह्यजेत? सर्च मारा ना.” त्यांत ‘उत्तर द्यायचे’ नावाचं एक फोल्डर होतं. शोधायला आधी आठवावं लागतं, आणि मला आठवण तेच करून द्यायचं.

आमच्या लायब्ररीची पुस्तकं बांधणाऱ्या जलालुद्दीनभाऊंनी आपल्या आठवणी लिहून मला वाचायला पाठवल्या होत्या. सकाळी त्यांचा फोन आला. “सर, नाई आवडलं तर तसं सांगाचं होतं. तुमी काईच नाई बोलले, मी समजून गेलो. आज पुस्तक छापखान्यातून वापस आणून राह्यलो.” एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला; परत लावला तर उचलत नाहीत.

मग सर्चमध्ये त्यांचं नाव टाकलं. मेल क्षणात सापडली. तुझंच खरं निघालं, खूश हो. तारीख पाहिली तर फोल्डर जाण्याआधी दोन महिने ती त्यात पडून होती. मी रोज उघडायचो आणि मत देण्याची माझी लायकी काय, म्हणून बंद करायचो. सगळा राग तुझ्यावर काढता येत नाही, याचाच जास्त राग येतो.

ते आरमोरीच्या छापखान्यात पोचण्याआधी मला पोचायचं आहे. पुस्तक फार चांगलं आहे, एवढी एकच ओळ लिहायची होती.

बाबा