बुडाला लागलेलं दूध

रविवार, १२ तारीख

प्रिय ताईस,

धाकट्याचा नमस्कार. पार्सल काल दुपारी पोचलं, कुठेही ठेच न लागता. मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याला दुसरा उद्योग काय आहे? तुझ्या जिन्यातला दिवा बसवला का, ते कळव. अंधारात उतरत जाऊ नकोस.

पातेलं तू बांधतेस छान. पण झाकण उलटं ठेवायचं आणि मध्ये कागदाची घडी घालायची, हे मागेही लिहिलं होतं. बिडाच्या भांड्यावरचं एनॅमल म्हणजे काच, ताई. लोखंडाच्या अंगावर भाजून बसवलेली काच. काचेवर काच आपटली की टवका उडतो, आणि उडालेला टवका पुन्हा बसवणारा माणूस अजून जन्मलेला नाही. बसवतो म्हणणारे दोघे मला माहीत आहेत. दोघेही रंगारी.

सोबतची चिठ्ठी वाचली. ‘दूध किंचित लागलं आहे. नेहमीसारखं पांढरं करून धाड. चिरंजिवांच्या कानावर घालू नकोस.’

किंचित! बोटाच्या पेराएवढा काळा थर आहे. ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात; तू भांडं राजरोस पाठवतेस आणि ताक तेवढं लपवतेस. हिवाळ्यापासून हे पाचव्यांदा.

तुझ्या पातेल्याला मी काय करतो, ते एकदा सांगून ठेवतो. कोमट पाणी, त्यात खाण्याचा सोडा, मंद आच. कडेला बारीक बुडबुडे आले की बंद, आणि आपलं आपण निवेपर्यंत हात लावायचा नाही. तापल्या भांड्यात गार पाणी ओतणाऱ्याला मी माझ्या दारात उभं करत नाही. मग लाकडी कालथ्याने थर सोडवायचा. नाही सुटला, तर पुन्हा सोडा, पुन्हा निवणं. तारेची घासणी माझ्या घरातच नाही. शेवटी काठाला, जिथे लोखंड उघडं असतं तिथे, तेलाचं बोट. हे मला कुणी शिकवलेलं नाही. सुरुवातीची कितीतरी भांडी मीच वाया घालवली, म्हणून आज लोक दूरदूरून पाठवतात. दारात ठेवतात, बेल वाजवतात, आणि मी येईपर्यंत निघून जातात. घासलेली भांडी न्यायला त्यांचा ड्रायव्हर येतो. तो गाडी चालू ठेवूनच आत येतो.

तुझं पार्सल आलं की ज्या वर्तमानपत्रांत ते गुंडाळलेलं असतं, ती मी हाताने सारखी करून वाचतो. छोट्या जाहिराती, हरवले-सापडले, सगळं. शब्दकोड्यात तू सोडलेले एकदोन शब्द मी भरतो. कालच्यात तू एकही सोडला नव्हतास. मला काही कामच ठेवलं नाहीस.

बरं. आता तुझ्या चिरंजिवांबद्दल. काल मी पातेलं खिडकीशी धरून उभा होतो, पाणी ओतणार तेवढ्यात त्याचा फोन आला.

“घासमामा, कामात आहेस?”

“मामा म्हण. घास तुझा बाप घालायचा तुला.”

हसला नाही. एरवी हसतो. म्हणाला, “आईचं काही खरं नाही. मागच्या आठवड्यात न सांगता गेलो, तर घरभर करपल्याचा वास. आणि ही मला म्हणते, कसला वास? तोंडावर, मामा! विसरते ते एक वेळ ठीक, पण आता खोटंही बोलायला लागली.”

“अरे, म्हातारं माणूस लाजतं.”

“मी इथे एक जागा बघितली आहे. चोवीस तास बायका असतात, स्वयंपाकाला हात लावू देत नाहीत. विसरभोळ्यांसाठीच आहे. पुढच्या महिन्यात घेऊन येतो, घर बंद करतो. तुला काही बोलली का? काही करपलं, जळलं?”

पातेलं माझ्या डाव्या हातात होतं. मी म्हणालो, “नाही रे, मला काही नाही बोलली.”

त्यानंतर बराच वेळ तसाच उभा राहिलो. खिडकीतून ऊन तिरपं भांड्यात पडलं होतं. मग मी पाणी ओतलं नाही. पुढचं उद्या लिहितो.

बुधवार

उद्या लिहितो म्हणालो आणि तीन दिवस गेले. भांडं ओट्यावर तसंच आहे.

ताई, कुठल्याही भांड्यात पाणी घालण्याआधी ते कोरडं, उजेडात, नीट बघायचं, हा माझा नियम. परक्यांच्या भांड्यांना मी तो कधी मोडला नाही. तुझ्या पातेल्याला आधीच्या चारही वेळा मोडला. पार्सल फोडलं की लगेच सोडा. तू विसरायला लागली आहेस असं मीही धरून चाललो होतो, आणि ते मला बघायचं नव्हतं. म्हणून बघण्याआधीच पांढरं करून टाकत होतो.

आता बघितलं आहे. गॅसवर ठेवून विसरलेलं दूध कसं दिसतं, ते मला ठाऊक आहे. वर काठाला दुधाचं कडं राहतं आणि बुडाशी सगळीकडे सारखा थर, वाळलेल्या चिखलासारखा तडकलेला. तुझ्या पातेल्यात तसं नाही. थरातून रेघा गेल्या आहेत, गोल, एकीवर एक. डावाने काढलेल्या. जिथून डाव गेला तिथे काळं पातळ आहे, आणि प्रत्येक रेघेच्या टोकाला खरवडीचा बारीकसा ढिगारा. सगळ्या रेघा घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरल्या आहेत. आपल्या घरात डावखुरी एकच.

म्हणजे तू विसरली नव्हतीस. तू तिथेच उभी होतीस, शेवटपर्यंत ढवळत होतीस, आणि तुझ्या नाकाखाली दूध करपत होतं. दूध लागल्याचा वास तीन घरं ओलांडून जातो. तुला आला नाही.

हिवाळ्यात तुला तो ताप येऊन गेला. त्यानंतर तू लिहिलं होतंस, ‘जेवणाला चव म्हणून राहिली नाही. एकटीच्या जेवणाला कसली चव!’ मी ते वाचलं आणि मान डोलावली. यात तपासण्यासारखं काही आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही, कारण माझंही तसंच आहे. मी उभ्याने जेवतो, ओट्याशी, आणि काय खाल्लं ते धुताना भांड्यावरून कळतं. मला वाटलं, आपल्या दोघांचं दुखणं एकच.

एकच नाही, ताई. माझं नाक शाबूत आहे.

आता एक सांगतो, रागावू नकोस. रविवारी लिहिलेली पानं आणि हा कोरा कागद मी तीन दिवस डांबरगोळ्यांच्या डब्यात बंद करून ठेवला होता. आज लिहिताना माझ्या डोळ्यांतून पाणी येतं आहे. कुरियरवाला पाकीट लांब धरून देईल. इथवर वाचताना तुला काही जाणवलं का? जाणवलं असेल तर मी मूर्ख, पत्र फाडून टाक आणि मला मनसोक्त शिव्या घाल. काहीच जाणवलं नसेल, तर कागद नाकाला लावून बघ. आणि मग पुढचं वाच.

मी डॉक्टर नाही. नाक का गेलं, परत येईल की नाही, ते कान-नाक-घशाचे डॉक्टर सांगतील. पण ज्याला दुधाचा वास येत नाही त्याला गॅसचाही येत नाही, एवढं सांगायला डॉक्टर लागत नाही. रविवारी मी तुझ्या शेजारच्या शिवणवाल्या बाईंना फोन केला. सकाळ-संध्याकाळ डोकावून जा, शेगडी तुम्हीच लावा, तुम्हीच बंद करा, कारण विचारू नका. या तीन दिवसांत त्या साखर, सुई, कात्री मागायला का येत होत्या, ते आता कळलं असेल. त्यांना साखर चालत नाही.

फोनवर तुलाच का नाही सांगितलं? फोनवर तू ‘सगळं छान’ म्हणून ठेवून देतेस. आणि मलाही बोलता आलं नसतं.

जे बोलता आलं नसतं ते हे. पार्सल आलं की मला आनंद व्हायचा. दोन पार्सलांमध्ये फार दिवस गेले, की मी वाट बघायचो. म्हणजे कशाची वाट बघायचो, तूच सांग. तुझं दूध करपण्याची. पातेलं पांढरं व्हायला दोन दिवस पुरतात. मी आठ दिवस लावायचो, कारण तेवढे दिवस ओट्यावर तुझं काहीतरी असायचं. तुझ्या मुलाला मी ‘नाही बोलली’ म्हणालो, ते तू सांगितलंस म्हणून नव्हे. तो तुला घेऊन गेला, तर मला कुणी काही पाठवणार नाही, म्हणून.

आज सकाळी त्याला सगळं सांगितलं. पाचही वेळचं, रेघांचं, नाकाचंही.  तो म्हणाला, “म्हणजे मामा, तुला हिवाळ्यापासून माहीत होतं?” आणि फोन ठेवून दिला. डॉक्टरकडे आधी नेईल की सरळ त्या जागेत, ते मला माहीत नाही. तो माझं ऐकेल असं धरून चालू नकोस. म्हणून मी येतोय. शनिवारी दुपारी पोचेन. पातेलं घासलेलं नाही. तसंच आणतो आहे, काळं, रेघांसकट, त्याला आणि डॉक्टरांना दाखवायला. मी असं भांडं घेऊन कधी कुणाच्या दारात गेलो नाही. लाज वाटते, पण आणतो.

त्याच्यासमोर तू मात्र खरं बोल. ‘मला वास येत नाही,’ एवढं एक वाक्य. ते मी तुझ्या वतीने बोलून उपयोग नाही.

मग तू तुझ्या घरात राहिलीस किंवा त्याच्याकडे गेलीस, तरी मला लिहीत जा. काही करपलं नसलं, तरी.

तुझ्याशिवाय कुणाचंही पत्र न येणारा,
तुझा धाकटा