पकाट आणि खिकडी

१२ ऑगस्ट

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

आम्ही तिघं ठणठणीत आहोत. तुझं नर्सिंगचं प्रशिक्षणही नीट चाललं असेल. इथे दुपारी वारा सुटतो, पडदा फुगतो आणि तुझा ढब्बू त्याच्याखाली बसून पडद्याशीच गप्पा मारायचा. खिडकीला ‘खिकडी’, कपाटाला ‘पकाट’. मी ‘आबोजा’. ऐकता ऐकता माझा डोळा लागायचा, आणि स्वप्नात मी पकाटात शिरून खिकडी शोधत फिरायचो.

परवा फोनवर तू विचारलंस, लेकरू गप्प का? दात येतायत, असं मी म्हटलं. खोटं बोललो.

चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली, दुसऱ्यांच्या चुका काढल्या. जित्याची खोड, तुला ठाऊकच आहे. सोमवारी त्याला समोर बसवलं. “म्हण, खि-ड-की.” “खिकडी.” असं अकरा वेळा. बाराव्यांदा मी टेबलावर हात आपटला. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. तेव्हापासून हवं ते नुसतं बोटानं दाखवत होता.

तुझी आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “एकीचं तोंड बंद केलंत, तेवढं पुरलं नाही वाटतं.”

खरंच आहे. तू दीड वर्षांची असताना तुलाही मी असंच वठणीवर आणलं होतं. पुढे तू माझ्याशी जे बोललीस ते सगळं शुद्ध होतं, आणि अगदी मोजकं.

आज दुपारी तो माझ्या कुशीत झोपला होता. झोपेतच पुटपुटला, “कसाळ झाली.” माझी जीभ वळवळली, ती दाताखाली धरली. म्हटलं, “हो रे राजा, कसाळ झाली.” त्यानं डोळे उघडले, बराच वेळ माझ्या ओठांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, “आबोजा, खिकडी उघल.” उठून उघडली. मला रडू आलं, तुझ्यापासून कशाला लपवू?

रविवारी तू येशीलच. एक विचारायचंय. ‘बाबा’ म्हणायला मी शिकवण्याआधी तू मला काहीतरी वेगळंच म्हणायचीस. काय ते मला आठवत नाही. तुझ्या आईला आठवतं, पण ती सांगत नाही. “तिलाच विचारा,” म्हणते. म्हणून खाली जागा कोरी सोडली आहे. येताना हे पत्र घेऊन ये आणि तुझ्या हातानं लिही.

तुझा
……………