घर, ओव्हन आणि डब्यातल्या केकची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, पूर्वीचा व्यवसाय लाँड्रीत इस्त्री करणे, सध्याचा व्यवसाय औषधे घेणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला द्यायला जनावरांचे डॉक्टर तयार होते, पण तो नातेवाइकांना पटणार नाही म्हणून माणसांच्या डॉक्टरांकडून घेऊन सोबत जोडला आहे. वाटणी सोपी आहे. माझे खरे मागणे शेवटच्या कलमात आहे आणि ते गाळून बाकीचे अमलात आणू नये.

१. राहते घर आणि बँकेतील शिल्लक माझी मुलगी (थोरली) व मुलगा (धाकटा) यांना समसमान मिळावी. घर विकायचे असेल तर खुशाल विका. स्वयंपाकघराचा पडदा मी गेल्याच वर्षी शिवला आहे, तो तेवढा घेणाऱ्याने राहू द्यावा, अशी विनंती. हक्क नाही.

२. माझी जड इस्त्री धाकट्याला. फोटोत त्याचे शर्ट बघवत नाहीत.

३. मिक्सर माझ्या नणंदेला. तो बिघडलेला आहे. तिने आम्हाला दिला तेव्हाही बिघडलेलाच होता. "वहिनी, पोरं खात नाहीत तर कशाला मरमर मरतेस? पाकिटातलं दे की," असे ती माझ्या मुलांसमोर म्हणाली होती. तिचे म्हणणे बरोबर निघाले, म्हणून तर मी ते विसरले नाही.

४. ओव्हन मुलांच्या शाळेच्या निवृत्त पहारेकऱ्यांना द्यावा. त्याचे दार कै. यजमानांनी बांधलेल्या तारेने बंद राहते, तार काढू नये. ओव्हन घरच्यांना का नाही, असे कोणी विचारील, म्हणून खुलासा करते.

मुलांनो, तुमच्या खाण्याच्या तऱ्हा तुम्हाला आठवत नसतील. थोरलीला केकची कड नको, धाकट्याला मधला मऊ भाग नको. एकाच केकात दोघांचे भागेल म्हणून मी खूश झाले, तर दोघांनाही केकच नको होता. बिस्किटे केली तर वाकडी. मफिन केले तर "आई, ते घरचे दिसतात गं, सगळे हसतात." दिवसभर वाफेत उभी राहून आले की मी पदर खोचून मैदा चाळायला घ्यायची, आणि दुसऱ्या दिवशी डब्यात तोच केक घामेजून परत यायचा.

मग एकाएकी डबे रिकामे येऊ लागले. मी हरखून गेले. "आवडला?" विचारले की थोरली दप्तर टाकता टाकता म्हणायची, "छान होता." त्या दोन शब्दांवर मी आठवडा काढत असे.

एकदा लाँड्रीचा बॉयलर बंद पडला आणि सकाळीच सुटका झाली. म्हटले, आज पोरांना गरम केक नेऊन देऊ. शाळेच्या फाटकाशी पोहोचले, तर एक काळा, गोल गरगरीत कुत्रा धावत आला, माझे हात हुंगले आणि माझ्या पायांवरच लोळण घेतली. रोज साबण आणि खळीत बुडणारे हात माझे, पण त्याने ओळखले.

"अहो, गोटू कोणाच्या वाऱ्याला उभा राहत नाही," पहारेकरी म्हणाले. "तुम्ही केकवाल्या भावंडांच्या आई का?"

मधल्या सुट्टीची घंटा झाली. मी भिंतीआड झाले. तुम्ही दोघे पळत आलात. धाकट्याने केक मोडून मोडून त्याला भरवला, थोरलीने स्वतःच्या रुमालाने त्याचे तोंड पुसले. किती हसत होतात तुम्ही! माझ्या हातचे बघून तुम्हाला हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते. मला फार वाईट वाटले. अजून वाटते.

तुम्ही गेल्यावर तो गरम केक मी पहारेकऱ्यांच्या हातात दिला. त्यांनी उभ्याउभ्याच खाल्ला, बोटे चाटली आणि म्हणाले, "बाई, हात आहे हो तुमचा." म्हणून ओव्हन त्यांना.

५. माझी छत्री आणि भिंतीवरचे घड्याळ जनावरांच्या डॉक्टरांना. त्यांचे पांढरे कोट मी इस्त्री करायची. तेव्हा त्यांना विचारले होते, कुत्र्याला केक चालतो का? ते म्हणाले, "नको, पण थोडा दिलात तर चालून जाईल. मनुका आणि चॉकलेट मात्र अजिबात नाही, विषच ते. कुत्रा कधी पाळलात?"

"पाळला नाही," मी म्हटले, "जेवायला असतो."

त्या दिवसापासून मनुका बंद. कोको पावडरचा डबा तुमच्यासाठीच आणून ठेवला होता, तो शेजारी देऊन टाकला. पुढे तुम्ही चॉकलेट केकसाठी किती भुणभुण केलीत! "सगळ्यांच्या आया करतात, तूच कंजूष." मी कंजूष झाले. खरे सांगितले असते तर तुम्ही डबा न्यायचे सोडले असते, आणि रिकामा डबा घासायचे सुख मला सोडवत नव्हते.

तुमच्या शाळा संपल्यावरही मी रविवारी फाटकाशी जात असे. गोटू म्हातारा होऊन गेला, त्यानंतर ओव्हन तापला नाही.

६. कालपर्यंत. काल थोरलीचा वाढदिवस होता. फोनवर म्हणाली, "आई, या महिन्यात नाही गं जमणार. आणि काही करत बसू नकोस, मी गोड खात नाही." धाकट्याने फोन उचलला नाही. आजाराचे तुम्हाला कळवलेले नाही. कळवले असते तर घाबरून आला असतात, आणि मला तुम्ही सहज आलेले हवे होतात.

तरी मी केक केला. हात थरथरतो, त्यामुळे एका बाजूला बसला आहे. फ्रीजरमध्ये तुमचेच शाळेचे दोन डबे आहेत. थोरलीच्या डब्यात मधला भाग, धाकट्याच्या डब्यात कड. घराच्या किल्ल्या हातात पडण्यापूर्वी दोघांनी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून आपापला तुकडा खावा, एवढेच माझे मागणे. नाही आवडला तर टाकून द्या. कोणी विचारायला नाही, छान होता म्हणायची गरज नाही.

मात्र कुत्र्याला घालू नका. या वेळी चॉकलेटचा आहे.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझाच आहे.

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघर
तारीख: ९ मार्च

(सही) तुमची आई

साक्षीदार, आम्हा दोघांसमक्ष सही झाली:
१. (सही) निवृत्त पहारेकरी, शाळा
२. (सही) जनावरांचे डॉक्टर