तांब्यातलं पाणी

८ जुलै, सोमवार

शाळेतून फोन! सरोजिनी मॅडम म्हणाल्या, "रागिणी बेंचवर बसायच्या आधी तुमची देवश्री तिच्यावर बाटलीतलं पाणी शिंपडते. रोज. बाकीच्या मुली हसतात."

मी ठणकावलं — माझी मुलगी असलं करणार नाही! सहावीतली पोर, मुंग्यांना साखर घालणारी. आणि रागिणी म्हणजे आमच्याकडे फुलं देणाऱ्या कौशल्याची मुलगी. परकी आहे का?

९ जुलै

देवश्री खोटं बोलली नाही. "गंमत गं आई. शुद्ध करून घेतो तिला."

शुद्ध! हे कुठून शिकली?

हे मूर्तिजापूरला सत्यनारायण सांगायला निघाले होते. चप्पल घालता घालता म्हणाले, "पोरं आहेत. पाणीच तर आहे, दगड नाही."

१० जुलै

सकाळी सहा. कौशल्याने नेहमीसारखा फुलांचा पुडा उंबऱ्यावर ठेवला, मागे सरली. मी तांब्यातलं पाणी शिंपडलं, मग पुडा उचलला. सोळा वर्षं हेच. सासूबाईंनी शिकवलं, मी कधी विचारलं नाही.

वळले तर मागे देवश्री, वेणी घालत उभी. बघत होती.

आणि मी मॅडमवर ओरडले होते!

११ जुलै

आज पुडा कौशल्याच्या हातातून घेतला. तसाच देवापुढे नेला.

"अगं, शिंपडलं नाहीस!" — हे.

"नाही. उद्याही नाही."

"देवाला चालायचं नाही."

"मग देवानेच मला सांगावं!"

कौशल्या अजून दारात होती. "बाई, रागिणी शाळेत नाई जात म्हणून राहिली. काहून म्हटलं, तं बोलेच ना."

म्हणजे तिला माहीतच नाही! कुणी सांगायच्या आत मीच सांगितलं. पाण्याचं. देवश्रीचं.

ती तांब्याकडे बघत राहिली. एवढंच म्हणाली, "तिथंबी?"

१३ जुलै, शनिवार

देवश्रीला घेऊन त्यांच्या घरी गेले. वाटेत रडली, रुसली. मी ऐकलं नाही. आपल्या लेकराने केलं ते आपल्या लेकरानेच निस्तरायचं!

तिने माफी मागितली. रागिणी हार गुंफत होती, मान वर केली नाही. "सोमवारी माह्या बेंचवर बसशीन? सगळ्याईसमोर?"

"बसेन."

"बाटली घरी ठेवून येजो."

परत येताना मला स्वतःचा अभिमान वाटत होता. खरंच वाटत होता.

१४ जुलै

देवश्रीने विचारलं — "आई, कौशल्यामावशीला तू सॉरी म्हणालीस?"

नाही.