पिवळं आकाश

ती. आईस ऋजुताचा नमस्कार,

मी मैसूरला मजेत आहे. घरमालकीण तुंगाअक्का रोज सारू-भात पाठवतात. बाबांचा गुडघा कसा आहे?

आज मात्र डोकं फिरलंय. परदेशी कंपनीच्या व्हिडिओ गेमसाठी भारतातला रस्ता काढायचा होता. मी इथल्या विजयनगर भागातला, आमच्या घरासमोरचाच काढला: दारात अक्कांची रांगोळी, स्कूटीवर शाळेला निघालेल्या बाई, वर निळं आकाश. उत्तर आलं, हा भारत वाटत नाही. कचरा टाका, गारुडी बसवा, आकाश पिवळं करा. अक्का पहाटे उठून सडा घालतात तो रस्ता यांना भारत वाटत नाही. मी भांडले. ऑफिसातले सर म्हणाले, "जमत नसेल तर दुसऱ्याला देतो." काळजी करू नकोस, नोकरी आहे अजून.

तसलं आकाश तयार मिळेल म्हणून जुन्या फाइली उघडल्या. मिळालं. गेल्या वर्षी मी केनियातलं गाव काढलं होतं, त्यात. तोच कचरा, त्याच पडक्या भिंती. तेव्हा मला कुणी सांगितलंही नव्हतं.

ते चित्र मी तुला कौतुकाने दाखवलं होतं. तू विचारलंस, "तिथे कुणी अंगण झाडत नाही का गं?"

आई, मी तुला हसले होते.

तुझी,
ऋजुता