टायर मीच निवडले

३ नोव्हेंबर, सकाळी
नात अर्पिता लिहून राह्यलीय, मी सांगून राह्यले. मला अक्षर येत न्हाई, अक्कल बराबर आहे. तिला बजावलं, वहीतलं कुणाला सांगायचं न्हाई. तिच्या बापाला तर बिलकुल न्हाई.

आमच्या पिकअपचे चारी टायर गोटा झालेत. हात फिरवला तर शेजारच्या कचरूचं टक्कल. सोमेश्वर स्वतःहून म्हणाला, आई, नवे टाकू. मालक वारल्यापासून लेक पहिल्यांदा शहाण्यासारखं बोलला. गाडी मालकांनीच घेतलेली. खिडकीची सीट तेव्हापासून माझी.

३ नोव्हेंबर, दुपारी
ठराव. नव्या टायरांवर पहिली फेरी अंकुशनगरला, धाकट्या बहिणीकडं. मागच्या खेपेला कांता सगळ्या गल्लीदेखत म्हणाली, अक्का, घरी गाडी असून येष्टीनं आलीस? पोरगं गाडीनं आणून सोडत न्हाई का? आता तिच्या दारात हॉर्न वाजवीन. फोन करून सांगून टाकलं, सोळा तारखेला, रविवारी. सोमेश्वरला विचारायचं राह्यलं. विचारायचं काय त्यात.

५ नोव्हेंबर
सोमेश्वरनं गाडी घासून धुतली. चारी बाजूंनी फोटो काढले. मी खिडकीत बसले होते. म्हणाला, आई, जरा उतर. फोटो कांताला पाठवत असंल. पोरगा मनाचा चांगला आहे, दाखवत न्हाई एवढंच.

८ नोव्हेंबर
नव्या जालन्यात टायरचं दुकान. सोमेश्वर शेठला म्हणाला, स्वस्तातले दाखवा, चालून जातील. मी म्हणाले, गाडी काय दुसऱ्याच्या दारात उभी करायचीय? खाली बघायला लागला. लाजला.

शेठ रेडियल, नायलॉन असं काय काय सांगून राह्यला होता. मी अंगठ्यानं दाबून बघितलं. वास घेतला. अंगावरचे रबरी केस मोजले. केस दाट तो टायर तरुण. शेठ म्हणाला, आजी, तीस वर्षं धंद्यात हाये, अशी परीक्षा पाह्यली न्हाई. कौतुकच की. सगळ्यात भारी चार घ्यायला लावले. सोमेश्वरचं तोंड एवढंसं.

घरी आल्यावर टायरांना हळदकुंकू, चाकांखाली लिंबं. कशी चिरडली पटापट!

१२ नोव्हेंबर
टेंभुर्णीचे तातेराव आल्ते. टायरातले जाणकार, सोमेश्वर म्हणाला. गाडीखाली झोपून बघितलं, बॉनेट उघडलं, कागदं चाळली. टायरासाठी कागदं कशाला? जाणकार माणसं कसून बघतात.

उठताना म्हणाले, विचार करून सांगतो. मला राग आला. मी म्हणाले, विचार कसला? या गाडीला कापसाशिवाय ओझं माहीत न्हाई. (खत, सिमेंट, एकदा तीस माणसांचं वऱ्हाड. पण परक्याला कशाला सांगा.) दहा वर्षं पाना लागायचा न्हाई. टायर मी निवडलेत, नख लावून बघा!

तातेराव हसले. म्हणाले, मावशी, तुमच्या शब्दावर. गेल्यावर सोमेश्वर माझ्या पाया पडला. सण न्हाई, वार न्हाई. सून पुष्पा तोंडाला पदर लावून आत पळाली. टायर पास झाले, दुसरं काय.

१६ नोव्हेंबर, सकाळी सहा
हिरवं लुगडं. कांतासाठी शेंगदाण्याचे लाडू. बाहेर आले तर दारात गाडी न्हाई. जुने चार गोटा टायर तेवढे भिंतीला टेकलेले. डिझेल भरायला गेली असंल.

१६ नोव्हेंबर, सकाळी नऊ
एवढं डिझेल कुठं असतं?

१६ नोव्हेंबर, दुपारी
विकली. काल रात्री मी कीर्तनाला गेल्ते तेव्हा नेली; अंधारात परतले, ध्यानात आलं न्हाई. सोमेश्वरला जालन्यात बियाण्याच्या कंपनीत काम लागलं, म्हणे गाडी नुसती उभी राह्यली असती. तातेरावांची अट होती, टायर नवे टाका. टाकल्यावरही मागं सरत होते. आई, तुझ्या शब्दानं सौदा झाला, म्हणाला.

मी म्हणाले, मला सांगायला तोंड न्हवतं का? तर म्हणतो, सांगितलं असतं तर खिडकीतून उतरली असतीस का?

उतरले नसते. पण हे त्याला सांगितलं न्हाई.

पुष्पाला माहीत. टकल्या कचरूला माहीत. मंग अर्पिताकडं बघितलं. इतके दिवस माझ्या तोंडचं अंकुशनगर लिहून राह्यली, आणि तिलाही माहीत! म्हणाली, आज्जी, तुझं बाबाला सांगितलं न्हाई, बाबाचं तुला सांगितलं न्हाई. बराबर झालं की न्हाई?

१८ नोव्हेंबर
दोन दिवस कुणाशी बोलले न्हाई. कुणाला जड गेलेलं दिसलं न्हाई.

कांताचा फोन. सांगितलं, नवे टायर महिनाभर मुरू द्यावे लागतात. बरं, म्हणाली. हसल्यासारखी वाटली. उद्या सकाळच्या येष्टीनं जाते. लाडू खवट व्हायला नकोत. अर्पिता सोबत येते म्हणाली. खिडकीत मी बसणार, हे तिला आधीच सांगितलं.

बोलायचं न्हवतं तिच्याशी. पण घरात माझं लिहिणारी तीच. सांगितलं, लिही. सोमेश्वर बेइमान. पुष्पा बेइमान. अर्पिता सगळ्यांत मोठी बेइमान. लिहिलं म्हणाली. पेन फार जल्दी थांबला. म्हणाले, वाच. बराबर वाचून दाखवलं.

वाचणारीही तीच.